सदर्न आल्प्सच्या दोन्ही अंगांना

जानेवारीत तासगावच्या द्राक्षबागेतून सहसा कोणी हलत नाही. मण्यांत गोडी उतरायला लागलेली असते आणि एक अवकाळी सर आली तरी वर्षाचं गणित फिरतं. त्यामुळे माझी मैत्रीण नेमकी जानेवारीत न्यूझीलंडला येते म्हणाली, तेव्हा मला आधी खरंच वाटेना. सांगलीत कॉलेजला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी पुढे क्राइस्टचर्चला आले, ती बाग आणि बेदाण्याची शेड सांभाळते. बागेकडे दीर आणि जाऊबाई बघणार आणि रोज एक फोन होणार, या बोलीवर ती आली.

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. मी रजा टाकली आणि दोघींपुरती कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. वाट ठरलेली होती: दक्षिण बेटाच्या मधोमध सदर्न आल्प्सची रांग उभी आहे, तिच्या पूर्वेच्या कोरड्या अंगाने खाली जायचं, हास्टच्या खिंडीतून पश्चिमेला उतरायचं आणि आर्थर्स पासवरून परत यायचं. मी तिला नकाशा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कोरड्या आटपाडीकडनं निघायचं, पावसाच्या आंबोलीकडनं यायचं." पुढचा सगळा प्रवास मी तिच्या या एका वाक्यातून पाहिला.

सोमवार: क्राइस्टचर्च ते टेकापो

सकाळ गाडी समजून घेण्यात गेली. पुढे दोन सीट, मागे बसायच्या बाकाचा रात्री पलंग होतो, दोन शेगड्यांचा गॅस, छोटा फ्रिज, सिंक आणि एका कपाटाएवढं संडास-बाथरूम. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, सिंकचं वापरलेलं पाणी साठवायची वेगळी. संडासाची पेटी बाहेरून ओढून काढता येते आणि ठरलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करायची असते. गाडीवर सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे आपलं सांडपाणी आपल्यातच साठवणारी, असल्याचं प्रमाणपत्र चिकटवलेलं असतं. ते नसेल तर सोयी नसलेल्या मोकळ्या जागांवर मुक्काम करता येत नाही, आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास असणं सक्तीचं केलं आहे. मैत्रिणीने टाकीत पाणी किती मावतं ते आधी विचारलं, मग सिंकखाली एक स्टीलचं तपेलं ठेवलं. तांदूळ धुतलेलं पाणी त्यात, त्याच पाण्यात भांडी विसळायची. मी नळ सोडून भांडी घासणारी. मला तिने पहिल्याच दिवशी मग वापरायला लावला.

गाडी दोघींनी चालवायची होती. भारतातलं लायसन्स इथे पाहुण्यांना चालतं, गाड्या डाव्याच बाजूने धावतात, आणि ट्रॅक्टर, पिकअप, बोलेरो असं सगळं हाताळलेल्या बाईला व्हॅनचं काही वाटलं नाही. तिला एकच गोष्ट नवी होती, एकेरी पूल. दोन पदरी हमरस्ता नदीवर एका पदराचा होतो. पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा, एक छोटा. मोठा बाण आपल्या दिशेने असेल तर आपण आधी जायचं. छोटा लाल बाण आपला असेल तर थांबायचं. समोरचा जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. दुपारपर्यंत तीही बोट उचलायला लागली.

राकाया नदीचा पूल मात्र दोन पदरी आणि पावणेदोन किलोमीटर लांब, या देशातला सगळ्यात लांब रस्तापूल. खाली पाणी थोडं आणि गोटे फार. आल्प्समधून येणाऱ्या या नद्या वाहून आणलेल्या दगडगोट्यांत अनेक धारांनी पसरतात, धारा एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात, आणि दर पुरानंतर जागा बदलतात. नदीच्या दोन्ही काठांना हिरवंगार गवत, त्यावर चाकांवर फिरणारे शेकडो मीटर लांबीचे फवारे. "एवढ्या उन्हात गवताला फवारा?" तिने विचारलं. कँटरबरीत गेल्या काही दशकांत मेंढ्या हटून दुधाच्या गाई आल्या, गवताला पाणी लागलं, नद्यांतून आणि भूगर्भातून ते उपसलं जाऊ लागलं, आणि आता विहिरींतल्या नायट्रेटवरून इथे मोठा वाद आहे. तिने शांतपणे ऐकलं. पाण्याच्या भांडणात तिला नवखं काहीच नव्हतं.

टेकापोचं तळं सातशे मीटर उंचीवर. पाण्याचा तो दुधी निळा रंग हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठाचा: इतकं बारीक पीठ की ते तळाशी बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड विखुरतं. काठावर 1935 सालचं दगडी चर्च आहे. गर्दी तिथेच असते, आम्ही लांबूनच पाहिलं.

अंधार पडायला अकरा वाजले. हा सगळा भाग 2012 पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा झाकलेले आणि खाली वळवलेले. गाडीतले दिवे बंद करून आम्ही घोंगडी पांघरून बाहेर बसलो. मैत्रिणीने आधी मृग शोधला. सापडला, पण उलटा, उत्तरेकडे, हरणाचे पाय वर. पोटात घुसलेला बाण बरोबर ओळखू आला. मग तिने अगस्त्य विचारला. तासगावातून अगस्त्य दक्षिणेला क्षितिजापासून फार तर वीस अंश वर येतो. इथे तो जवळजवळ डोक्यावर होता, मान मागे टाकून बघावा लागत होता. तिचे वडील अगस्त्य दिसायला लागला की पाऊस सरला असं धरायचे. ती बराच वेळ वर बघत होती. उत्तरेला कृत्तिकांचा पुंजका दिसला. इथले मूळ रहिवासी माओरी त्यांना मातारिकी म्हणतात. पहाटे त्या पुन्हा उगवल्या की जून-जुलैत त्यांचं नवं वर्ष सुरू होतं आणि 2022 पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. "नक्षत्रावर सुट्टी देतात?" तिला हे फारच आवडलं.

मंगळवार: पुकाकी आणि आओराकी

सकाळी तिला चर्चपेक्षा कालवा बघायचा होता. टेकापोचं पाणी सुमारे 26 किलोमीटरच्या उघड्या कालव्यातून पुकाकी तळ्याच्या काठापर्यंत नेलं आहे, तिथे ते खाली पडतं आणि वीज तयार होते. मग पुकाकीतून पुढचा कालवा, ओहाऊ, आणि वाइटाकी नदीवरची धरणं. तेच पाणी समुद्राला मिळेपर्यंत आठ वीजघरांतून जातं. कालव्याच्या काठाने आम्ही चालत गेलो. तिच्या तालुक्यात टेंभू योजनेचं पाणी आलं ते कृष्णेतून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून, विजेचं बिल भरून. इथे पाणी उतारानं जातं आणि जाता जाता वीज देतं. "आमच्याकडं वीज खाऊन पाणी येतं," एवढं ती म्हणाली, आणि वाकून त्या पाण्यात हात घातला. भर उन्हात ते बर्फगार होतं.

कालव्याच्या वाहत्या पाण्यात जाळ्या टाकून सामन मासे वाढवतात. पुकाकीच्या काठावरच्या दुकानातून आम्ही एक मोठा तुकडा घेतला. तिच्या पिशवीत घरचा कांदा-लसूण मसाला होता. विमानतळावर फॉर्मवर तिने खायच्या प्रत्येक गोष्टीची नोंद केली होती. मध त्यांनी काढून घेतला, कारण बाहेरचा मध या देशात आणताच येत नाही. मसाला आणि शेंगदाण्याची चटणी मात्र तपासून परत दिली. माशाला मीठ, लिंबू आणि तो मसाला चोळून तिने तवा चांगला तापवला, कातडीची बाजू आधी खाली टाकली आणि कड कुरकुरीत होईपर्यंत हलवू दिली नाही. व्हॅनचं मागचं दार उघडं, समोर पुकाकीचं पाणी, त्यामागे आओराकी, म्हणजे माउंट कुक, 3724 मीटर, पूर्ण उघडा. हे शिखर ढगात असताना मी अनेकदा आले आहे. तिला ते पहिल्याच खेपेला असं दिसलं याचा मला फार आनंद झाला.

दीड वाजता तिचा फोन. इथले दीड म्हणजे तासगावचे सकाळचे सहा. धुकं आहे का, पानावर दव किती, भुरीची फवारणी झाली का, डाऊनी कुठे दिसते का, हे द्राक्षावरचे दोन बुरशीचे रोग. उत्तरं मनासारखी मिळाली की ती जेवायची.

संध्याकाळी टास्मान हिमनदीच्या दर्शनस्थळाच्या पायऱ्या चढलो. ही देशातली सगळ्यात लांब हिमनदी. वर पोचल्यावर समोर करड्या पाण्याचं तळं, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे आणि पलीकडे दगडमातीने झाकलेला राखाडी बर्फ. हे तळं 1970 च्या दशकाआधी नव्हतंच. बर्फ वितळून मागे सरकत गेला तसं ते तयार झालं आणि वाढत गेलं. म्हणजे आम्हा दोघींच्या वयाएवढंच ते तळं. तिथे कोणाला फारसं बोलावंसं वाटत नव्हतं.

बुधवार: लिंडिस पास, क्रॉमवेल, वानाका

लिंडिस पासचा घाट 971 मीटरवर. झाडं नाहीत, टसॉक गवताचे सोनेरी डोंगर एकामागे एक. तिने विचारलं, "पाऊस किती?" मी म्हटलं, पलीकडे क्रॉमवेलला वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. तासगाव भागातसुद्धा पाचशे-सहाशे पडतो.

आणि त्या कोरड्या खोऱ्यात फळबागा. चेरी, जर्दाळू, नेक्टरिन आणि डोंगरउतारावर वाइनची द्राक्षं. क्रॉमवेलमधल्या एका बागेत स्वतः तोडून घ्यायची सोय होती. बादली हातात घेऊन मी चेऱ्या तोडत सुटले. मैत्रीण खाली वाकून ठिबकच्या नळ्या बघत होती. मग तिने वरच्या जाळ्यांना हात लावला, खोडाची छाटणी पाहिली, आणि तिथल्या बागवान बाईंशी बोलायला गेली. इंग्रजीला जरा अडखळणारी माझी मैत्रीण त्या बाईंशी पाऊण तास बोलली. मी मध्ये दोन-चार शब्दच पुरवले असतील.

विषय एकच, तोडणीच्या तोंडावर येणारा पाऊस. पिकलेल्या चेरीवर पाणी थांबलं की ते सालीतून आत शिरतं, फळ फुगतं आणि तडकतं. द्राक्षाचा मणी तसाच तडकतो. त्यावर इथले बागायतदार काय करतात? पाऊस थांबला की हेलिकॉप्टर बोलावतात. ते झाडांवरून अगदी खालून, हळूहळू फिरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने पाणी झटकलं जातं. वसंतात दव गोठायची भीती असेल तेव्हाही हेलिकॉप्टर किंवा उंच खांबांवरचे पंखे वरची उबदार हवा खाली ढकलतात. मैत्रिणीने सांगितलं की आमच्याकडे बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालायला लागलेत, पण एकराचा खर्च झेपत नाही. बाईंनी तिला आपल्या आच्छादनाचा खर्च सांगितला. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. निघताना बाईंनी आमच्या बादलीचे पैसे घ्यायला नकार दिला. मैत्रिणीने गाडीत जाऊन घरच्या शेंगदाणा चटणीची पुडी आणून त्यांच्या हातात ठेवली.

जुनं क्रॉमवेल गाव पाण्याखाली आहे. क्लाइडच्या धरणामागे 1992-93 मध्ये डन्स्टन तळं भरलं तेव्हा बाजारपेठेचा मोठा भाग बुडाला, काही जुन्या इमारती उचलून काठावर पुन्हा बांधल्या. त्या गल्लीतून चालताना तिला उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवलं, पाणी उतरलं की वर येणारं. इथलं पाणी तसं उतरत नाही.

रात्री वानाका. गाव सुंदर, सुट्ट्यांमुळे गर्दी प्रचंड. पाण्यात उभं असलेलं ते प्रसिद्ध झाड बघून झोपलो.

गुरुवार: हास्ट पास

ज्या दिवसासाठी हा सगळा रस्ता आखला होता तो हा. सकाळी हावेआ तळ्याच्या काठाने निघालो तेव्हा आकाश निळं आणि डोंगर पिवळे. माकारोरानंतर झाडी सुरू झाली, आधी बीचची उंच, सरळ, काळपट झाडं. हास्टची खिंड आल्प्स ओलांडणाऱ्या तिन्ही रस्त्यांत सगळ्यात बुटकी, 562 मीटर. पाटी कधी मागे गेली कळलंसुद्धा नाही. पण उतार लागला आणि दहा-पंधरा मिनिटांत खोडांवर शेवाळ चढलं, फांद्यांना नेचे लटकले, प्रत्येक कड्यावरून पाण्याची रेघ उतरू लागली. मैत्रिणीने काच खाली केली. "वास बघ की," ती म्हणाली. ओल्या पाचोळ्याचा, कुजट-गोड वास, श्रावणात फोंडा घाट उतरताना येतो तो.

हा रस्ता किनाऱ्याने उत्तरेला जोडला गेला तो 1965 मध्ये. रस्ताच नव्हता तेव्हा हास्टच्या लोकांना जग होतं ते बोटीने, विमानाने किंवा घोड्यावरून.

त्याच रस्त्यावर मोबाइलचं नेटवर्क गेलं. दीड वाजला, दोन वाजले. तिने फोन दोनदा गाडीच्या टपाकडे धरून पाहिला, मग पर्समध्ये टाकला. काल रात्री दिराने ढग येताहेत असं कळवलं होतं. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तिने हातानेच थांबवलं. हास्ट गावात पोचल्यावर कॅम्पसाइटच्या वायफायवरून फोन लागला. ढग आले होते आणि कोरडेच गेले होते. तेव्हा कुठे तिने आजूबाजूला पाहिलं, आणि तिला सँडफ्लाय चावल्या. माशी तिळाएवढी, पण पश्चिम किनाऱ्यावरचा खरा अंमल तिचाच. पायाचे घोटे, मनगटं, कानामागे. अंधार पडला की त्या जातात, तोवर गाडीची दारं बंद.

शुक्रवार: पाऊस

रात्री दोनच्या सुमाराला सुरू झाला. व्हॅनचं छत पातळ, त्यामुळे थेंब न थेंब ऐकू येतो, आणि काही वेळाने थेंब वेगळे ऐकूच येत नाहीत, एकच आवाज उरतो. सकाळी फॉक्स गावाकडे निघालो तर वाटेत दरड. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, पिवळ्या जाकिटातला माणूस थांब-जा अशी फिरती पाटी घेऊन उभा. तास-दीड तास तरी लागेल म्हणाला.

आम्ही गॅस पेटवून चहा ठेवला. मागच्या गाडीतल्या जर्मन जोडप्याला दोन कप दिले. मैत्रिणीने मग पिठलं टाकलं आणि क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, ताटात, मांडीवर ठेवून. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. बाहेर रिमूची झाडं, ढग त्यांच्या शेंड्यांवर टेकलेले.

तेव्हा तिने मला आकडे विचारले. होकिटिकाला वर्षाला सुमारे 2900 मिलिमीटर. डोंगरात क्रॉप नदीच्या खोऱ्यात अकरा हजारांवर. तिने वहीत लिहून घेतलं. मग हातात भाकरी घेऊन ती बोलायला लागली. 1972 च्या दुष्काळात तिची आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. वडिलांनी तीन विहिरी खोदल्या, दोन कोरड्या गेल्या. बोअर सहाशे फुटांवर गेले. लग्नानंतर पहिली पाच वर्षं बाग टँकरच्या पाण्यावर जगवली. मग शेततळं झालं, मग टेंभूचं पाणी आलं. हे सगळं मला तुटक तुटक माहीत होतं. फोनवर आम्ही मुलांचं बोलायचो, तब्येतींचं बोलायचो. असं सलग, मधे कोणी दार न वाजवता, ऐकायला ती बंद रस्त्यावरची गाडीच लागली. तिला रडू आलं नाही, मला आलं.

रस्ता उघडला तेव्हा दुपार झाली होती. फॉक्सच्या हिमनदीकडे जाणारा दरीतला रस्ता 2019 च्या मोठ्या दरडीपासून बंदच आहे. फ्रान्झ जोसेफही आता लांबूनच दिसते, आणि त्या दिवशी तर ढगच दिसले.

शनिवार: होकिटिका

ओले टॉवेल, ओले बूट, ओली गादी. होकिटिकात पहिलं काम लाँड्री, दुसरं डंप स्टेशन. संडासाची पेटी रिकामी करायचं काम आलटून पालटून करायचं ठरलं होतं, पण पाळी माझी असो की तिची, दुसरी नळी धरायला उभी असायचीच.

इथे पोउनामू मिळतो, हिरवा, कठीण, आरपार उजेड दिसणारा दगड. नैसर्गिक स्थितीतल्या या दगडाची मालकी 1997 च्या कायद्याने ङाई ताहू या माओरी जमातीकडे परत आली. स्वतःसाठी विकत घेण्यापेक्षा तो दुसऱ्याकडून भेट मिळावा असा इथे रिवाज आहे. मी तिच्यासाठी एक घेतला आणि समुद्रावर तिच्या गळ्यात बांधला.

रविवार: आर्थर्स पास

होकिटिका ते क्राइस्टचर्च साधारण अडीचशे किलोमीटर, आणि एवढ्यात पूर्ण पावसाळा ते पूर्ण उन्हाळा. चालवायला ती बसली.

ओटिरापर्यंत पाऊस होता. ओटिराच्या दरीवर 1999 मध्ये झालेला 440 मीटरचा पूल चढताना वायपर पुरत नव्हते. डोंगराचं पाणी रस्त्यावर येऊ नये म्हणून याच घाटात काँक्रीटचे पन्हळ बांधून धबधबाच रस्त्यावरून पलीकडे टाकला आहे. आर्थर्स पासच्या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथे एक किआ पोपट गाडीच्या टपावर उतरला आणि खिडकीचं रबर चोचीने ओढायला लागला. तो उडेपर्यंत आम्ही थांबलो.

मग गाडी पूर्वेला उतरली. पाऊस आधी बारीक झाला, मग नुसता शिडकावा, मग उन्हात उडणारे थेंब. नेचे गेले, बीच राहिली. बीच विरळ झाली, गवत आलं. अर्ध्या-पाऊण तासात आम्ही वायमाकारिरीच्या खोऱ्यात पिवळ्या डोंगरांत होतो आणि रस्ता कोरडा ठणठणीत. मागे वळून पाहिलं तर आल्प्सच्या माथ्यावर काळी भिंत, जागेवर उभी.

कासल हिलच्या चुनखडीच्या शिळांपाशी उतरलो आणि दार हातातून सुटता सुटता राहिलं. गरम, कोरडा वारा सुटला होता. कँटरबरीचा नॉरवेस्टर. समुद्रावरून आलेली हवा पश्चिमेला सगळं पाणी टाकते, डोंगर ओलांडून खाली उतरताना दाबाने तापते आणि मैदानात भट्टी करून सोडते. आकाशात ढगांची लांब कमान आणि तिच्याखाली निळी पट्टी. क्राइस्टचर्चकर या वाऱ्याला वैतागतात, मीही वैतागायचे.

ती मात्र केस एका हातात धरून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. "आषाढातलं वारं हे," ती म्हणाली. "महाबळेश्वरला धो धो, आणि आमच्याकडं नुसतं हे. पोरं पतंग उडवतात, बायका पश्चिमेकडं बघत बसतात." मी सांगलीची. तिच्या खोलीत चार वर्षं राहिलेली. पण हा वारा मी तिच्या बाजूने कधी पाहिला नव्हता.

पुढे स्प्रिंगफील्डपर्यंत गाडी वाऱ्याने हलत होती. तिने वेग कमी ठेवला, मागच्यांसाठी डावीकडे थांबत राहिली. क्राइस्टचर्चला टाक्या रिकाम्या केल्या, डिझेल भरलं, आतून झाडून पुसून घेतलं. इथे डिझेलवर पंपावर रस्ताकर नसतो, किलोमीटरवर आकारतात, तो हिशेब चुकता केला आणि किल्ल्या दिल्या. घरी येताना रिक्षासारख्या छोट्या माझ्या गाडीत सामान मावेना.

"पुढच्या जूनमध्ये तू यायचं," मांडीवर तवा घेऊन बसलेली ती म्हणाली. "मृग लागला की आंबोलीला गाठते तुला. तिथनं राधानगरी, कोल्हापूर, तासगाव, आटपाडी. एका दिवसात सगळा पाऊस संपवून दाखवते. गाडी माझी, झोपायला बेदाण्याची शेड." मी रजेचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला.